पेनड्राइव्हवरून आलेली भाषा

बेळगाव-खानापूर रस्त्यावर मच्छे इथं विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला सगळे व्हीटीयूच म्हणतात. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंगची कोणती भाषा शिकवायची हे इथं ठरतं आणि बिदरपासून मंगळूरपर्यंतच्या कॉलेजांना लागू होतं. विषय ठरतो, प्रयोगांची यादी ठरते, गुणांची वाटणी ठरते. ती भाषा विद्यार्थ्यानं स्वतःच्या मशीनवर कशी टाकायची, हा भाग मात्र हॉस्टेलच्या खोल्या, सीनियरचा पेनड्राइव्ह आणि लॅब असिस्टंटचा भला स्वभाव यांच्यावर सोडलेला असतो.

कर्नाटकाच्या सीमेवरच्या निपाणीत तर मामला आणखी गुंतागुंतीचा. गावातलं सोमशेखर कोठीवाले इन्स्टिट्यूट व्हीटीयूचं. शहराला खेटून असलेलं अर्जुननगरचं देवचंद कॉलेज कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेलं. निपाणीच्या हद्दीतल्या पदवी महाविद्यालयांसाठी २०१० पासून बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ. एकाच घरातली दोन भावंडं दोन राज्यांचे दोन अभ्यासक्रम शिकू शकतात. पण बरीच वर्षं दोघांच्या कॉम्प्युटरवर एकच निळा पडदा उघडत असे, टर्बो सीचा.

अमेरिकेतल्या बोरलँड कंपनीनं टर्बो सी १९८७ साली बाजारात आणलं. जगात इतरत्र ते केव्हाच मागे पडलं. भारतातल्या वर्गांत ते पंचवीस-तीस वर्षं टिकलं. याचं खापर सहसा जुनाट अभ्यासक्रमावर फोडलं जातं. ते खरंच आहे, पण अर्धंच. दुसरं कारण असं की टर्बो सी टाकायला जवळजवळ काहीच करावं लागत नसे. एक छोटं फोल्डर सी ड्राइव्हमध्ये कॉपी केलं की काम झालं. इंटरनेट नको, ॲडमिनचा पासवर्ड नको, रजिस्ट्रेशन नको. लिहिण्याची जागा, कंपायलर आणि मदतीची पानं एकाच पडद्यावर. नवख्याला हवी असलेली सोय त्या फोल्डरात होती, आणि ज्या गावांत नेट उशिरा आणि मोजून मापून आलं तिथं ही सोय निर्णायक ठरली.

‘सी ड्राइव्हमध्येच टाक’ हा सल्ला सगळीकडे ऐकू येई, त्यालाही कारण होतं. टर्बोच्या सेटिंगमध्ये हेडर फाइलींचा पत्ता लिहून ठेवलेला असे. फोल्डर दुसरीकडे ठेवलं की पहिल्याच प्रोग्रॅमला ‘फाइल उघडता येत नाही’ असा निरोप येई. अजून एक ओळही धड न लिहिलेल्या मुलीला वाटे, चूक आपलीच आहे.

मग ६४ बिटचं विंडोज घरोघरी आलं. त्यात १६ बिटचे जुने प्रोग्रॅम चालतच नाहीत, म्हणून टर्बो सी बंद पडायला हवं होतं. तसं झालं नाही. कुणीतरी त्याला डॉसबॉक्स या नकली डॉसच्या पोटात घातलं आणि ती जोडी पुन्हा हातोहात फिरू लागली. सोयीची किंमत मात्र विद्यार्थी मोजत राहिले. टर्बोमध्ये पूर्णांकाला दोनच बाइट मिळतात, कमाल ३२,७६७. दोनशे गुणिले दोनशे केलं की उत्तर येतं उणे २५,५३६. कोनिओ डॉट एच ही त्या जुन्या डॉसच्या जगातली हेडर फाइल आहे आणि क्लिअर-स्क्रीन ही तिच्यातली आज्ञा. सी भाषेच्या प्रमाणित रूपात दोन्ही नाहीत. त्यावर हात बसलेला मुलगा पुण्या-बंगळूरला मुलाखतीला गेला की त्याचा पहिलाच प्रोग्रॅम तिथल्या कंपायलरवर अडतो.

पर्याय चांगले होते, पण त्यांचा उंबरठा उंच होता. कोडब्लॉक्स घ्या. त्याच्या साइटवर विंडोजसाठी जवळजवळ सारख्या नावाच्या फाइली शेजारी शेजारी असतात. एकीत मिनजीडब्ल्यू कंपायलर असतो, दुसरीत नसतो. बिनकंपायलरची उतरवली तर खिडकी छान उघडते, प्रोग्रॅम लिहिता येतो, फक्त चालत नाही.

व्हीटीयूच्या कॉम्प्युटर सायन्सवाल्यांना सहाव्या सेमिस्टरची ग्राफिक्स लॅब आठवत असेल. ओपनजीएलसाठी ग्लट नावाची लायब्ररी लागे आणि विंडोजवर ती बसवायची म्हणजे तीन फाइली तीन ठिकाणी टाकायच्या: एक विंडोजच्या सिस्टिम फोल्डरात, एक हेडर फाइलींत, एक लायब्ररीच्या फोल्डरात. एक चुकली तरी त्रिकोणसुद्धा दिसत नाही. उबुंटू या लिनक्सवर हेच काम एका आज्ञेत होतं. विंडोजवाल्याला आणि उबुंटूवाल्याला अभ्यासक्रम सारखाच होता. एकाचा आठवडा जाई, दुसऱ्याची पाच मिनिटं.

व्हीटीयूच्या २०२२च्या योजनेत पहिल्या वर्षाला सी राहिलं आणि पायथनही निवडीचा विषय म्हणून आलं. त्यासाठी नेमलेलं अल स्वाइगार्ट यांचं पुस्तक लेखकानं नेटवर मोफत वाचायला ठेवलं आहे, आणि प्रस्तावनेतच पायथन कसं उतरवायचं, कसं बसवायचं हे सांगून ते पुढे सरकतं. पाठ्यपुस्तकांनी घ्यावा असा हा धडा आहे.

पायथनवाल्यांनी हा उंबरठा एकेक पायरीनं खाली आणला. २०१४ मध्ये ३.४ आवृत्तीसोबत पिप आपोआप येऊ लागलं, त्यामुळे पुढच्या लायब्ऱ्या आणण्याचं साधन वेगळं शोधावं लागेना. २०१५च्या ३.५ आवृत्तीपासून विंडोजवरचा इन्स्टॉलर ॲडमिनच्या परवानगीशिवायही, फक्त त्या वापरकर्त्यापुरतं पायथन बसवू लागला. कॉलेजच्या लॅबमध्ये ही फार मोठी गोष्ट आहे. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं अशी सोय केली की पायथन नसलेल्या विंडोज १० वर नुसतं ‘पायथन’ टाइप केलं की स्टोअरचं पान उघडतं.

तरीही एक चौकोन अनेकांना छळतो. इन्स्टॉलरच्या पहिल्याच खिडकीत तळाशी ‘पायथन पाथमध्ये घाला’ अशा अर्थाची ओळ असते आणि तिच्यापुढची खूण आपण होऊन केलेली नसते. घाईत ती राहून जाते. मग काळ्या खिडकीत आज्ञा दिली की विंडोज म्हणतं, असं काही ओळखीचं नाही, किंवा पायथन बसवलेलं असूनही स्टोअरचं पान उघडतं. पाथ म्हणजे विंडोज ज्या फोल्डरांत प्रोग्रॅम शोधतं त्यांची यादी, एवढं एक वाक्य शिक्षकानं आधी सांगितलं तर दुपार वाचते. दुसरी अडचण जुन्या मशीनची. २०२०ची ३.९ आवृत्ती आणि त्यानंतरच्या सगळ्या विंडोज ७ वर चालत नाहीत, तिथं ३.८ वरच थांबावं लागतं. साइटवरचं मोठं पिवळं बटण मात्र बरीच वर्षं सर्वात नवी आवृत्तीच पुढे करत आलं.

एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात आयवार अन्नामा यांनी केलेलं थॉनी हे पायथन लिहिण्या-चालवण्याचं साधन या दोन्ही अडचणींवर उतारा आहे. त्याच्या पोटात पायथन आधीच असतं, त्यामुळे पाथचा प्रश्नच येत नाही. विंडोज ७ साठी पायथन ३.८ असलेली ३२ बिटची वेगळी आवृत्तीही ते देतात. टर्बो सीच्या फोल्डरची सोय आणि आजची भाषा, दोन्ही एकत्र. सीमाभागातल्या शाळांनी नवख्यांसाठी आधी हेच टाकावं, असं प्रस्तुत लेखकाचं ठाम मत आहे.

राहतो प्रश्न सांगण्याच्या भाषेचा. बेळगाव-निपाणीतली कितीतरी मुलं दहावीपर्यंत मराठी किंवा कन्नड माध्यमात असतात आणि इन्स्टॉलरच्या खिडक्या इंग्रजीत. मुंबईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी उभा केलेला स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प नेमका इथं उपयोगी पडतो. साधारण दहा मिनिटांचे व्हिडिओ, मोफत, मराठी आणि कन्नडसह अनेक भारतीय भाषांतल्या आवाजात. बाजूला व्हिडिओ, शेजारी आपली खिडकी, ऐकत ऐकत करायचं. नेट नसेल तर हवे ते पाठ सीडीसाठी एकत्र बांधून घेण्याची सोयही त्यांनी दिली आहे.

पण पडदे बदलतात. त्यांच्या सीच्या मालिकेतला पहिला प्रोग्रॅम उबुंटू ११.१० वर रेकॉर्ड झालेला आहे. ते आता बरंच जुनं झालं. तर्क आजही तोच, बटणं मात्र वेगळ्या जागी. पहिल्या सेमिस्टरच्या प्रयोगांच्या यादीला मच्छेहून एक पान जोडता येईल: कोणती आवृत्ती, कोणत्या विंडोजवर, कोणती खूण करायची, नेटशिवाय कसं. ते पान कन्नड, मराठी आणि इंग्रजीत हवं. नव्या आवृत्तीचे छोटे व्हिडिओ करायला मराठी आणि कन्नड दोन्ही घरच्यासारख्या बोलणारी, पायथन शिकलेली मुलं-मुली बेळगाव आणि निपाणीच्या कॉलेजांत दरवर्षी असतात, आणि दुसऱ्या वर्षाचा छोटा प्रकल्प म्हणून हे काम त्यांच्याकडे सोपवण्यासारखं आहे.