हप्ता माणशी सारखाच!

झुरिक : सप्टेंबर संपत आला की आरोग्य खात्याच्या मंत्री एलिझाबेथ बोम-श्नायडर पुढच्या वर्षीच्या आरोग्यविम्याचे हप्ते जाहीर करतात आणि स्वित्झर्लंडभर कपाळांवर आठ्या चढतात. २०२४ साली हप्ते सरासरी ८.७ टक्क्यांनी वाढले, २०२५ साली ६ टक्क्यांनी, २०२६ साठी ४.४ टक्क्यांनी. प्रौढ माणसाचा सरासरी हप्ता आता महिन्याला ४६५ फ्रँक, म्हणजे सुमारे पन्नास हजार रुपये आहे. शिवाय घरातल्या प्रत्येकाचा वेगळा.

१९९६ पासून इथे मूलभूत विमा सक्तीचा आहे. तो खाजगी कंपन्या देतात. पण त्यात नफा घ्यायला बंदी, आणि कोणालाही नकार द्यायलाही. आपल्याकडे वय वाढले की हप्ता चढतो. इथे सव्विशी उलटल्यावर वयाचा प्रश्नच उरत नाही. मिळकतीचाही नाही! एकाच गावात, एकाच कंपनीचा तोच विमा घेतला, तर बँकेचा संचालक आणि तिथली फरशी पुसणारी बाई सारखेच पैसे भरतात. गरिबांना कँटन, म्हणजे इथली राज्ये, अनुदान देतात, पण प्रत्येक कँटनचा हात वेगळा. हप्ता कमी करायचा, तर वर्षाला २,५०० फ्रँकपर्यंतचा उपचारखर्च स्वतः सोसायची तयारी दाखवावी लागते. निरोगी माणसाला हा सौदा परवडतो. हातातोंडाची गाठ घालणारा तो पत्करतो आणि मग डॉक्टरकडे जाणे टाळतो.

एवढी कुरकुर असताना लोक ही पद्धत बदलत का नाहीत? जून २०२४ मध्ये तशी संधी होती. हप्ता कुटुंबाच्या उत्पन्नाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये, असा समाजवादी पक्षाचा प्रस्ताव सार्वमताला आला. जिनिव्हा, लोझानसह फ्रेंच भाषकांनी होकार दिला, जर्मन भाषकांनी पाडला. ५५ टक्क्यांहून अधिक मते विरोधात गेली. लोझानच्या वो कँटनमध्ये तर ही मर्यादा २०१९ पासून लागूच आहे. एकच सरकारी विमा असावा, ही सूचनाही २०१४ साली अशीच पडली होती. मला वाटते, मध्यमवर्गाला हप्ता डाचतो. पण दहा टक्क्यांच्या वरची रक्कम करातून येणार म्हटल्यावर बर्नच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या, तिजोरीचा धाक त्याहून मोठा वाटतो.

खरा बदल आला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये, ५३ टक्के मतांनी, एका रुक्ष कायद्यातून. आजवर रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या खर्चातला किमान ५५ टक्के वाटा कँटन उचलत आले; घरी राहून घेतलेल्या उपचारांचा सगळा भार हप्त्यांवर. शस्त्रक्रिया करून संध्याकाळी घरी पाठवणे वाढले, तसा बोजा करदात्यांकडून हप्तेवाल्यांकडे सरकत गेला. २०२८ पासून दोन्हींसाठी कँटनना किमान २६.९ टक्के द्यावेच लागतील. २०३२ पासून वृद्धांची शुश्रूषाही याच हिशोबात येईल. कामगार संघटनांचा मुख्य आक्षेप तिथेच आहे : देश म्हातारा होतोय, आणि त्याचे बिल पुन्हा माणशी सारखेच वाटले जाईल.