मुकी बटणे, अडलेला प्रवासी

‘कितव्या नंबरची गाडी आली?’ हा प्रश्न अंध प्रवाशाला थांब्यावरील शेजाऱ्यास वर्षानुवर्षे विचारावा लागला. मोबाइल फोनमुळे हे परावलंबन संपावे, अशी अपेक्षा होती. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी टॉकबॅक, व्हॉइसओव्हर ही साधने आज फोनमध्येच असतात. परंतु बटणावर नुसतेच चित्र असले आणि त्याला नाव दिलेले नसले, तर कानावर ‘बटण’ एवढाच शब्द पडतो. गाडीचा ठावठिकाणा नकाशावरील सरकत्या ठिपक्यानेच दाखविला, तर अंधाच्या लेखी ती गाडी नाहीच. वस्तुतः ‘गाडी दोन थांबे मागे आहे’ एवढे एक वाक्य त्याला पुरते.

हा प्रश्न केवळ अंधांचा नाही. ‘उशीर’ आणि ‘वेळेवर’ हा भेद लाल-हिरव्या रंगांनीच दाखविला, तर रंगांधाला तो उमगत नाही. फलाट बदलल्याची घोषणा अक्षरांत उमटली नाही, तर कर्णबधिराची गाडी चुकते. मंददृष्टी व्यक्तींसाठी अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे, तरीही राखाडीवर फिकट राखाडी लिहिण्याचा मोह सुटत नाही.

चाकाच्या खुर्चीवरील प्रवाशाची अडचण याहून खोल आहे. वेळापत्रके ॲपना पुरविण्यासाठी जगभर जीटीएफएस ही रचना वापरली जाते. थांब्यावर वा फेरीत अशा खुर्चीची सोय आहे काय, हे नोंदविण्याचा रकाना तीत आहे : ‘१’ म्हणजे आहे, ‘२’ म्हणजे नाही आणि ‘०’ म्हणजे माहिती नाही. परिवहन संस्थेने शून्यावरच समाधान मानले, तर उत्तमातले उत्तम ॲपही काय सांगणार? आणि खात्री नसलेला माणूस घराबाहेर पडणार तरी कसा?

कायदा याबाबत मुका नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४१ व ४२ मध्ये वाहतूक आणि माहिती-तंत्रज्ञान यांच्या सुगम्यतेची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीवजा न ठेवता बंधनकारक करण्याचा आदेश केंद्राला दिला. ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांचा वापर हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला. २०११ च्या जनगणनेने २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदविल्या होत्या. हा समाज दयेचा नव्हे, हक्काचा धनी आहे.

खर्चाची सबब येथे टिकत नाही. बटणाला नाव देणे आरंभी काही मिनिटांचे काम असते. मागाहून सारी रचना उसवावी लागते. म्हणून ॲपच्या निविदेतच ही अट असावी आणि अपंग प्रवाशांनी प्रत्यक्ष वापरून पाहिल्याविना काम स्वीकारू नये. ॲपमुळे उंच पायरी खाली येणार नाही, हे खरे. परंतु पायरी उंच आहे, एवढे तरी त्याने प्रवाशाला घरीच सांगावयास हवे.