दवंडी दाबून टाकणारा विषाणु

गोठ्यांतील एखादी गाय कारण न दिसतां गाभडते, दुसरी वारंवार उलटते, तिसरीचें वासरूं खुरटत जातें. आणि मालक दोष देतो चाऱ्यास किंवा नशिबास. अशा वेळीं ज्याचा संशय घ्यावा असा एक चोर आहे. त्यास बीव्हीडीचा विषाणु म्हणतात. ह्या रोगाचें वर्णन सन १९४६ मध्यें अमेरिकेंतील न्यूयॉर्क संस्थानांत प्रथम झालें; आपल्या देशांतील गुरांतही तो आढळला आहे.

आम्ही महसूल खात्यांत कारकून असतां एका पावसाळ्यांत पुराची वर्दी वाटेंतच अडली. खालच्या गांवांत दवंडी पिटली गेली नाहीं, आणि लोक निजले असतां पाणी गोठ्यांत शिरलें. गांवांत धट्टीकट्टीं माणसें होतीं, दोरही होते. हांक तेवढी पोहोंचली नव्हती. शरीराचेंही असेंच आहे.

विषाणु पेशींत शिरला कीं ती त्याची खूण ओळखते व इंटरफेरॉन नांवाचें द्रव्य बाहेर सोडते. सन १९५७ मध्यें लंडन येथें आयझॅक्स व लिंडेनमान यांनीं हें शोधून काढलें. हीच शरीराची दवंडी होय. ती ऐकून शेजारच्या पेशी सावध होतात, जन्मजात पहाऱ्यावरील मारक पेशी कामास लागतात, आणि कांहीं पेशी मागाहून तयार होणाऱ्या सैन्यास शत्रूची ओळख पटवितात.

बीव्हीडीचा विषाणु ह्या निरोपावरच घाला घालतो. त्याचें एक प्रथिन, दवंडीचा हुकूम काढणारा पेशींतील घटक नष्ट करवितें. दुसरें पेशीबाहेर राहून विषाणूच्या खुणाच पुसून टाकतें. पहारेकरी जागे असतात, परंतु एकमेकांस कळविणें त्यांस कठीण होऊन बसतें.

मोठी गाय बहुधा थोड्या दिवसांचा ताप व हगवण भोगून बरी होते. गर्भाची गोष्ट निराळी. गाभणपणाच्या सुमारें ४० ते १२५ दिवसांत विषाणु गर्भास लागला, तर त्याचें सैन्य अजून आपलें कोण व परकें कोण हें शिकतच असतें. हांक दबलेली आणि विषाणु सर्वत्र. तेव्हां तें त्यास घरचाच मानूं लागतें. असें वासरूं जगलें तर जन्मभर लाळ, शेंबूड, शेण, मूत्र यांतून विषाणु टाकीत राहतें. कित्येकदां तें दिसावयास चांगलें असतें व बाजारांत भावही चांगला घेतें; धोका असतो शेजारीं बांधलेल्या गाभण गाईस. ती कालवड पुढें व्याली, तर तिचें वासरूंही तसेंच निपजतें. अशा जनावरास औषध नाहीं. लस टोंचूनही तें विषाणुमुक्त होत नाहीं.

तथापि उपाय आहे. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क व फिनलंड या देशांनीं १९९३-९४ च्या सुमारास, लसीवर भिस्त न ठेवतां, अशीं जनावरें हुडकून कळपांतून काढण्याचा क्रम धरला व रोगाचें निर्मूलन साधलें. आयर्लंडांत २०१३ पासून नवजात वासराच्या कानाचा लहानसा तुकडा तपासणें सक्तीचें झालें.

वाचकांस आम्ही इतकेंच सुचवितों कीं, विकत आणलेलें जनावर तपासणी होईपर्यंत वेगळें बांधावें. गाय गाभण असल्यास ती व्याल्यावर वासरूंही तपासून घ्यावें. आई निर्दोष ठरली म्हणून पोटांतल्या वासराची ग्वाही मिळत नाहीं. गाभ पुनःपुन्हां जात असेल तर पशुवैद्यास ह्या विषाणूचें नांव घेऊन विचारावें. पाणी गोठ्यांत शिरल्यावर दोर शोधण्यापेक्षां वर्दी वेळेवर पोहोंचलेली बरी.