शेपूट आणि तोक



आदिलाबादच्या सीमाभागात वाढताना एकदा वर्गात मी ‘शेपूट’ऐवजी तेलुगू ‘तोक’ म्हणालो. मुले हसली आणि मी शेपूट घातले.

हा वाक्प्रचार आला तो निरीक्षणातून. भ्यालेले कुत्रे शेपूट मागच्या पायांत घेते, म्हणून माघार घेणे म्हणजे शेपूट घालणे. लाचार मनुष्य शेपूट हलवतो. हट्टी स्वभावाला कुत्र्याचे वाकडे शेपूट म्हणतात. रेंगाळणारे काम मारुतीच्या शेपटासारखे वाढते. मराठीने या शब्दाला तिन्ही लिंगे दिली : ते शेपूट, ती शेपटी आणि लांब वेणीचा तो शेपटा.

तेलुगूतही माघार घेणारा तोक दुमडतो आणि कुत्र्याची तोक वाकडीच असते. धूमकेतूला तेथे ‘तोकचुक्क’, म्हणजे शेपटीची चांदणी, म्हणतात. नावापुढील जातवाचक पदालाही उपहासाने तोकच म्हटले जाते.

शब्द निराळे, पण दोन्ही भाषांनी पाहिलेले जग एकच आहे. तेव्हा मित्रहो, बोलताना दुसऱ्या भाषेतला शब्द निसटला, तर माझ्यासारखे शेपूट घालू नका. त्याचा अर्थ हसणाऱ्याला समजावून सांगा.