शरीराचा जमाखर्च

एकाच घरात, एकाच चुलीवरचे अन्न खाऊन वाढलेले दोन भाऊ असतात. एक भरपेट जेवूनही सडपातळच राहतो. दुसरा दोन घास कमी खातो, तरी त्याचे अंग भरतच जाते. या दुसऱ्या भावाला कोणी म्हणतो, ‘जिभेवर ताबा नाही’; तर कोणी ‘घराण्याची ठेवणच तशी’ असे सांगून त्याची बाजू घेतो. शास्त्रज्ञांतही दीर्घकाळ असेच दोन पक्ष नांदत आले: एक उष्मांकांचा, दुसरा अनुवंशाचा.

पहिल्या पक्षाचा पाया भक्कम आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर यांनी माणसाला बंद खोलीत ठेवून, त्याने खाल्लेले अन्न आणि त्याच्या शरीरातून बाहेर पडणारी उष्णता यांचा ताळा घातला. दोन्ही बाजू जवळजवळ तंतोतंत जुळल्या. पिष्ट आणि प्रथिने यांच्या एका ग्रॅममागे सुमारे ४ उष्मांक व स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅममागे ९, हे आजही वापरात असलेले कोष्टक त्यांच्याच संशोधनातून आले. शरीर शून्यातून मेद निर्माण करीत नाही; खर्चाहून जमा अधिक झाल्याखेरीज तो साठत नाही.

असे असेल तर अनुवंशाला जागा उरते कोठे? कॅनडातील लाव्हाल विद्यापीठात क्लोद बुशार व त्यांचे सहकारी यांनी केलेला, १९९० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या प्रश्नाचे मार्मिक उत्तर देतो. एकाच बीजापासून जन्मलेल्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्या त्यांनी निवडल्या. शंभर दिवसांपैकी ८४ दिवस प्रत्येकाला गरजेहून १००० उष्मांक अधिक खाऊ घातले. जादा अन्न सर्वांना सारखे होते. तरीही कोणाचे वजन जेमतेम ४ किलोंनी वाढले, तर कोणाचे १३ किलोंनी. मात्र एकाच जोडीतील दोघा भावांत ही वाढ बरीचशी सारखी आढळली. मेद पोटात साठला की अन्यत्र, यातही त्यांचे साम्य दिसले. म्हणजे जमाखर्चाचा नियम सर्वांना एकच. पण वही लिहिणारा कारकून ज्याचा त्याचा निराळा, आणि तो पुष्कळसा जन्माबरोबरच नेमला जातो.

हा कारकून केवळ खर्चावर नव्हे, तर भुकेवरही सत्ता चालवितो. १९९४ साली न्यूयॉर्क येथे जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लेप्टिन या द्रव्याचे जनुक शोधून काढले. शरीरातील मेदाचा साठा पुरेसा असल्याचा निरोप हे द्रव्य मेंदूला पोचविते. हे जनुक जन्मतः सदोष असलेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीचे वजन इंग्लंडमध्ये ९४ किलोंवर गेले होते. तिची भूक भागतच नसे. लेप्टिन टोचू लागताच ती शमली, आणि वर्षभरात तिचे वजन सुमारे १६ किलोंनी उतरले. असा दोष अत्यंत विरळा. बहुतेकांच्या बाबतीत अनेक जनुके मिळून थोडाथोडा परिणाम करितात. पण ज्या भुकेला लोक हावरेपणा म्हणत होते, ती त्या बालिकेच्या बाबतीत व्याधी होती.

तरीही सारा भार अनुवंशावर टाकून मोकळे होता येत नाही. अमेरिकेतील ॲरिझोनाचे पिमा आणि मेक्सिकोच्या डोंगराळ मुलखातील पिमा हे एकाच वंशाचे. मेक्सिकोतील पिमा शेतात राबत होते व साधे अन्न खात होते. ॲरिझोनातील पिमांचे जीवन व अन्न पार पालटले होते. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दोहोंच्या सरासरी वजनात सुमारे २५ किलोंचे अंतर आढळले. बीज तेच, परंतु जमीन बदलली.

तात्पर्य, हे दोन पक्ष एकमेकांचे वैरी नाहीत. वजन वाढते ते उष्मांकांनीच. परंतु कोणाला भूक किती लागावी आणि उरलेल्यातून किती साठावे, यांत अनुवंशाचा हात मोठा. म्हणून स्थूल माणसाला पथ्य सांगणे योग्यच. पण त्यासोबत दूषण देण्याचे कारण नाही. दोन भाऊ एकाच पंक्तीला जेवले, तरी संयमाची किंमत दोघांना सारखी पडत नाही. ज्याला ती कमी पडली, त्याने तो आपला सद्गुण समजू नये.