नव्वदचा काटा

लांजीच्या आसपास धान कापणीला येतं तेव्हा बऱ्याच बांध्यांत ओल असते. चाकाचं हार्वेस्टर तिथे रुततं, म्हणून रबरी पट्ट्यांवर चालणाऱ्या मशिनी मागवतात. लोक त्यांना चेनवालं हार्वेस्टर म्हणतात. असंच एक हार्वेस्टर भर दुपारी अर्ध्या कापलेल्या बांधीत उभं दिसलं. इंजिन चालू, कापणी बंद. ऑपरेटर खाली उतरून मशीनच्या पोटाशी उकिडवा बसला होता. गिअरच्या पेटीला तळवा लावायचा, झटकन काढायचा, पुन्हा लावायचा. बांधावरून शेतमालक त्याच्यावर ओरडत होता, कारण आभाळ भरून येत होतं.

"तेल तापलं भाऊ. हाताले समजते," एवढंच ऑपरेटर म्हणत होता. त्याचं कोणी मानत नव्हतं, कारण पॅनलवर इंजिनच्या पाण्याचा मीटर होता आणि त्याचा काटा मधोमध शांत उभा होता. मीटर ठीक सांगतो म्हणजे पोरगा कामचुकार, असा सरळ हिशेब. मला मात्र तो तळवा विसरता येईना. पुढे कळलं की मशीनमालकाने अखेर गिअरच्या तेलाला वेगळा मीटर बसवायचं ठरवलंय. ते काम घेतलेल्या मिस्त्रीचं गॅरेज मी शोधत गेलो.

या मशीनचा गिअर ट्रॅक्टरसारखा नुसत्या दातेरी चाकांचा नसतो. इंजिन एक पंप फिरवतं, पंप तेलाला दाबाने मोटरकडे लोटतो आणि मोटर पट्ट्यांना फिरवते. लिव्हर पुढे केली की पंपातली तिरपी तबकडी जास्त कलते, जास्त तेल जातं, मशीन पळतं. मागे ओढली की तेच मशीन उलटं चालतं. सारखा क्लच दाबायला नको, चिखलात झटके नाहीत. पण या सोयीची किंमत तेल मोजतं. दाबातली थोडी ताकद सतत उष्णतेत जाते. तेल तापलं की पातळ होतं, पातळ झालं की पंपात आतल्या आत झिरपतं, आणि मशीन दमायला लागतं. सकाळी जे मशीन झपाट्याने कापतं तेच दुपारी ओढत नाही. मागे घाई लागलेली असते, म्हणून ऑपरेटर लिव्हर आणखी पुढे दाबतो आणि तेल आणखी तापतं.

"नव्वदच्या वर गेलं का पैसा जरते," मिस्त्री म्हणाला. हा आकडा मी त्याच्या तोंडून किती वेळा ऐकला! पाना मागताना नव्वद, चहा पिताना नव्वद. तेलाच्या जाणकारांचाही एक जुना ठोकताळा आहे: एका मर्यादेनंतर तापमान दर 10 अंशांनी वाढलं की तेलाचं आयुष्य निम्मं होत जातं. तेल काळं पडतं, त्याला करपट वास येतो, सील कडक होतात. मग पंप उघडावा लागतो, आणि त्या खर्चात मालकाचा हंगाम जातो.

आता ऑपरेटरच्या तळव्याकडे येतो. तापलेलं लोखंड 60 अंशांच्या आसपास असलं की हात काही क्षणांपलीकडे टिकत नाही. त्यापुढे 70 काय, 80 काय आणि मिस्त्रीचे 90 काय, हाताला सगळं सारखंच भाजतं. त्या पोराचा हात खोटं सांगत नव्हता. त्याची पट्टी 60 पाशी संपत होती आणि मशीनचं नुकसान त्याच्या पुढे सुरू होत होतं. मधल्या 30 अंशांत काय चाललंय ते कुणालाच दिसत नव्हतं. तरी दोष त्याच्या माथी!

मीटर बसवायचा म्हणजे पेटीला भोक पाडून सेंसर ठोकायचा, अशी माझी समजूत होती. मिस्त्रीने ड्रिलला हातही लावला नाही. या पंपातल्या फटी केसाहून बारीक असतात. लोखंडाचा एक कीस आत गेला तरी पिस्टनला चरे पडतात. म्हणून पंपाच्या पोटातून झिरपलेलं तेल कूलरकडे नेणारा पाइप त्याने निवडला. तिथे दाब कमी असतो, आणि पंपात तापलेलं तेल कूलरने थंड करण्याआधी तिथूनच जातं. टाकीत सेंसर ठेवला असता तर थंड होऊन आलेल्या तेलाची सरासरी दिसली असती. दुसरा एक कारागीर टाकीतच लावायला सांगत होता, काम झटपट होतं म्हणून. मला मिस्त्रीचंच पटलं. जिथे ताप आहे तिथेच मोजायला हवा.

सांधा उघडण्याआधी त्याने तो डिझेलने धुतला, हवेने फुंकला, पुन्हा धुतला. पाइप सुटला तसं उघड्या तोंडात स्वच्छ बूच बसवलं. मध्ये तीन तोंडांचा टी जोडायचा होता आणि टीमध्ये सेंसर. इथे तो सगळ्यात जास्त रेंगाळला. एका डब्यात त्याच्याकडे वेगवेगळ्या आट्यांचे नट आहेत. पाव इंचाच्या निम्म्या मापात बीएसपी पद्धतीत इंचात 28 आटे असतात, एनपीटी पद्धतीत 27. डोळ्यांना फरक दिसत नाही. चुकीचा सेंसर दोन-तीन फेरे गुमान आत जातो, मग अडतो, आणि जोर लावला की टीचे आटे कापले जातात. मिस्त्री डोळे मिटून एकेक नट सेंसरवर बोटांनी फिरवून बघत होता. जरा अडलं की थांबायचा, उलट फिरवून काढायचा, दुसरा घ्यायचा. पान्याला हात लावला तो सेंसर टीमध्ये बोटांनी पूर्ण बसल्यावरच.

पोऱ्या टेफ्लॉनची टेप घेऊन आला तेव्हा मिस्त्रीने ती बाजूला ठेवायला लावली. हा सेंसर एका वायरीचा, त्याची अर्थिंग त्याच्या अंगातूनच होते. टेप भरमसाट गुंडाळली तर अंग आणि टी यांच्यात पडदा येतो आणि काटा खरं तापमान दाखवत नाही. शिवाय टेपचा तुकडा तेलात गेला तर तोही कचराच. त्याने पातळ सीलंट लावलं, तेही पहिला आटा सोडून.

पण हे सगळं दुसऱ्या सेंसरचं. पहिला आधीच बाद झाला होता आणि त्याची परीक्षा मला अजून डोळ्यांसमोर दिसते. जर्मनच्या गंजात पाणी उकळत ठेवलेलं. सेंसर तारेने लोंबकळत सोडलेला, त्याच्या अंगाला अर्थिंगची वायर, मीटर बॅटरीला जोडलेला. लांजी काही डोंगरमाथ्यावर नाही, पाणी इथे 100 च्या जवळच उकळतं. पाणी खळखळत होतं आणि काटा 80 वर थांबला होता. मीटर एका ठिकाणचा, सेंसर दुसरीकडचा. दोघांचा रोध जुळत नव्हता. तसाच बसवला असता तर ऑपरेटरने 80 बघून निश्चिंत मनाने लिव्हर दाबली असती आणि आत तेल नव्वद ओलांडून गेलं असतं. चुकीचा मीटर मीटर नसण्याहून वाईट, कारण त्याच्यावर विश्वास बसतो. जोडीचा सेंसर गोंदियाहून मागवला, पुन्हा पाणी उकळलं, आणि काटा 100 च्या रेघेला टेकला तेव्हा मिस्त्रीने गंज खाली उतरवला.

लांजीसारख्या मध्य प्रदेशातल्या गावाला गोंदियाचं सामान कसं, असं कुणी दूरचा विचारेल. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यं नव्याने आखली गेली तेव्हा भंडारा मुंबई राज्यात गेला आणि लांजीचा बालाघाट जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. गोंदिया तेव्हा भंडाऱ्यातच होतं, जिल्हा झाला तो 1999 मध्ये. बाजाराने ती रेघ कधी मनावर घेतली नाही. या गॅरेजात पोवारी, मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात येतात, कुणाचं काही अडत नाही.

वायरिंग लवकर उरकलं: चावीवरून फ्यूज घालून सप्लाय, सायलेन्सरपासून दूर नेलेली वायर, तेलाची पातळी भरून घेणं. मीटर मात्र कुठे लावायचा यावर मालक आणि ऑपरेटर यांच्यात जुंपली. मालकाला तो पॅनलच्या कडेला, नीटनेटका हवा होता. ऑपरेटर म्हणाला, "कापताना माही नजर समोरच्या धानावर रायते. मान वळवावं लागलं तं कोन पाहीन?" मीटर त्याच्या डोळ्यांच्या रेषेत लागला आणि मिस्त्रीने काचेवर 90 पाशी लाल रंगाची बारीक रेघ ओढली.

बांधीत चाचणी झाली तेव्हा मीही बांधावर होतो. काटा चढत चढत 70 च्या पुढे गेला. पुढच्या बांधीत 80 ओलांडून 85 कडे निघाला. ऑपरेटरने मशीन उभं केलं, कूलरची जाळी उघडली. तणसाचा भुगा आणि गर्दा यांनी ती नमद्यासारखी बंद झाली होती. झाडून, फुंकून पुन्हा चालवलं तर काटा 70 च्या खाली आला. इतके दिवस मशीन का दमत होतं त्याचं निम्मं उत्तर त्या जाळीत होतं. पण जाळी कधी साफ करायची हे सांगणारं कोणीच नव्हतं, म्हणून ती दिवस मावळल्यावर साफ व्हायची.

शेतमालकाची घाईही खोटी नाही. कापायला आलेल्या धानावर पाणी पडलं तर दाणा काळा पडतो, आणि सरकारी खरेदीत 17 टक्क्यांहून जास्त ओलावा चालत नाही. त्याला मशीन थांबलेलं बघवत नाही. ऑपरेटरलाही थांबून भागत नाही, कारण त्याची कमाई कापणीच्या तासांवर आहे. उभ्या मशीनचे पैसे त्याला मिळत नाहीत. इतके दिवस तेल तापल्याचं हाताला कळत असूनही तो कितीदा तसाच चालवत राहिला असेल, आणि का, हे मला त्या हिशेबावरून कळलं. काट्याने त्याच्या शब्दाला वजन दिलं, पण त्याच काट्याने थांबण्याची जबाबदारीही त्याच्यावर टाकली. ती निभावताना त्याचा खिसा रिकामा होणार असेल तर 90 वर ओढलेली रेघ काय कामाची?

मी हे मशीनमालकाला तोंडावर विचारलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग मिस्त्रीकडे पाहून म्हणाला की जाळी साफ करायचा आणि तेल निववायचा वेळ तासांत धरू. ऑपरेटरने लगेच विचारलं, "वहीत लिहून देता?" त्या दिवशी लिहिलं गेलं नाही. हिशेबाची वही घरी होती. ऑपरेटर म्हणाला, "मंग वही आना, तेव्हाच लाल रेघीवर थांबतो म्हनून सांगतो." मिस्त्रीने त्याला दुजोरा दिला, आणि मालकाला पुढच्या शेताची तारीख ठरवण्याआधी वही आणायला बजावलं.