फळीवरचा लोहमार्ग

बीड शहरातून पहिली प्रवासी गाडी २०२५मध्ये सुटली. ती पाहून त्याच जिल्ह्यातल्या नांदूरघाट गावच्या मुलांना घरी छोटी रेल्वे मांडायची असेल, तर ८ बाय ४ फुटांचा प्लायवूड पुरतो. प्रचलित ‘एचओ’ प्रमाण १:८७, रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. या मापात आपला २१.३ मीटरचा आयसीएफ (इंटिग्रल कोच फॅक्टरी) डबा साधारण २४.५ सेंटिमीटरचा होतो. एवढे लांब डबे तंग वळणावर घसरतात. म्हणून आधी वळण आखावं, स्टेशन नंतर. त्रिज्या ५५ सेंटिमीटर ठेवली, तर वर्तुळ फळीवर जेमतेम मावतं. घाट हवाच! मात्र चढ मीटरला २ सेंटिमीटरच्या आत ठेवावा. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं लघुरेल्वे संग्रहालय १९९८पासून आहे. मुलांना ते एकदा दाखवाच.